वाचकांचे प्रश्न : फोनची रिंगटोन आपल्या पसंतीची, तीही विनामूल्य

मोबाइलमध्ये स्वतःच्या आवडीची रिंगटोन कशी ठेवावी, यासंबंधी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एसएमएस पाठवून रिंगटोन विकत घ्यावी लागत असे आणि तिचे पैसे शिलकीतून कापले जात. त्या काळाची सवय म्हणून असेल, पण रिंगटोनला पैसे पडतातच असा समज अनेक पत्रांत दिसतो. आजच्या साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्येही आवाज मुद्रित करण्याची, तो साठवण्याची आणि घंटी म्हणून लावण्याची सोय मुळातच दिलेली असते. त्यामुळे या कामासाठी कोणालाही पैसे देण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. माझी पाच वर्षांची नात पुण्याला राहते. तिच्या घरून फोन आला की तिच्याच आवाजात घंटी वाजावी, अशी माझी फार इच्छा आहे. माझ्याकडे अँड्रॉइड फोन आहे. जवळच्या दुकानात विचारले असता ‘अ‍ॅप टाकावे लागेल, त्याचे पैसे होतील’ असे उत्तर मिळाले. हे मला घरी बसून करता येईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : अवश्य करता येईल, आणि त्यासाठी अ‍ॅप टाकण्याचीही गरज नाही. प्रथम मुद्रणाविषयी सांगतो, कारण पुढच्या सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. आपल्या फोनमध्ये ‘रेकॉर्डर’ किंवा ‘व्हॉइस रेकॉर्डर’ नावाची सोय असेल. नात आपल्याकडे येईल तेव्हा खोलीतला पंखा बंद करावा, दूरचित्रवाणी संच बंद करावा आणि फोन तिच्या तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरावा. फोन अगदी तोंडासमोर धरला, तर ‘फ’ आणि ‘भ’ यांसारख्या अक्षरांचा वारा मायक्रोफोनवर आदळतो आणि आवाज फाटल्यासारखा येतो. ‘आजोबा, फोन घ्या’ एवढेच वाक्य तिने तीन-चार वेळा, मध्ये थोडे थांबून म्हटले, तरी पुरेसे आहे. मुलांना एकदाच नीट म्हणायला सांगितले की ती अवघडतात. त्यामुळे मुद्रण सुरू ठेवून तिला हवे तेवढे बोलू द्यावे आणि नंतर त्यातला उत्तम भाग निवडावा.

हा भाग कापून घेण्याची सोय बहुतेक फोनच्या रेकॉर्डरमध्येच असते. मुद्रण उघडून ‘एडिट’ किंवा ‘ट्रिम’ हा पर्याय निवडावा आणि सुरुवातीचा शांत भाग, हलवलेल्या खुर्चीचा आवाज, ‘बोल ना गं’ अशी आपली सूचना हे सारे काढून टाकावे. घंटी वाजू लागताच पहिल्या क्षणापासून नातीचा आवाज आला पाहिजे. ठेवलेला भाग आठ-दहा सेकंदांचा असला तरी अडचण नाही, कारण फोन उचलेपर्यंत रिंगटोन पुनःपुन्हा वाजत राहते.

आता ही फाइल योग्य ठिकाणी ठेवावयाची आहे. फोनमधील ‘फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ उघडून ‘रेकॉर्डिंग्ज’ या फोल्डरमधून ती फाइल अंतर्गत साठवणीतील ‘रिंगटोन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवावी. तो फोल्डर नसेल तर त्याच नावाने, रोमन लिपीत ‘Ringtones’ असे लिहून, नवा तयार करावा. या फोल्डरमधील फाइल अँड्रॉइड प्रणाली आपोआप रिंगटोनच्या यादीत दाखवते. त्याच्या शेजारी ‘नोटिफिकेशन्स’ आणि ‘अलार्म्स’ असे आणखी दोन फोल्डर असतात आणि त्यांचे कामही नावाप्रमाणेच आहे. चुकून एखादे संपूर्ण गाणे संदेशाचा सूचक आवाज म्हणून लावले गेले, तर प्रत्येक संदेशाला ते पूर्ण वाजू लागते, म्हणून फाइल हलवताना फोल्डरचे नाव नीट पाहावे.

शेवटची पायरी संपर्कयादीत आहे. ‘कॉन्टॅक्ट्स’मध्ये मुलाचे किंवा सुनेचे नाव उघडावे, वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबावेत आणि ‘सेट रिंगटोन’ निवडून यादीतून ही फाइल घ्यावी. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा पर्याय ‘एडिट’ दाबल्यावर सर्वांत खाली दिसतो. पर्याय कोठेच दिसला नाही, तर तो क्रमांक सिमकार्डावर साठवलेला आहे का, हे तपासावे. सिमकार्डावर केवळ नाव आणि क्रमांक मावतो. त्याला वेगळी घंटी जोडता येत नाही. तोच क्रमांक फोनमध्ये किंवा आपल्या गूगल खात्यात साठवला की पर्याय दिसू लागतो. येणाऱ्या सर्वच फोनसाठी एक रिंगटोन हवी असेल, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘साउंड’ या विभागात ‘फोन रिंगटोन’ उघडावी. तेथे कोठे अधिक चिन्ह असते, कोठे ‘माय साउंड्स’ असे लिहिलेले असते, तर कोठे ‘लोकल रिंगटोन’ असे. अर्थ एकच, की फोनमधील स्वतःची फाइल निवडा. दोन सिमकार्डे असतील, तर अनेक फोनमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र रिंगटोन देता येते.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७८ आहे. तिच्या आवडीचा अभंग भावाने रिंगटोन म्हणून लावून दिला. परंतु आता तिला फोन वाजलेलाच कळत नाही. आवाज पूर्ण मोठा केलेला आहे. ऐकू येण्याची तक्रार एरवी फारशी नाही. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : या प्रश्नाबद्दल मनापासून आभार, कारण रिंगटोन निवडताना बहुतेक जण केवळ आवडीचा विचार करतात आणि ती ऐकू येईल का, हा विचार राहून जातो. आपल्या आईंच्या बाबतीत दोन कारणे संभवतात.

पहिले कारण वेळेचे आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ नोव्हेंबर २०१९ रोजी न उचललेल्या फोनची घंटी किती वेळ वाजावी हे ठरवून दिले. मोबाइलसाठी ती मर्यादा ३० सेकंदांची आणि घरच्या दूरध्वनीसाठी ६० सेकंदांची आहे. म्हणजे गाणे कितीही मोठे असले, तरी त्याची पहिली ३० सेकंदेच कानी पडणार. अभंगाच्या मुद्रणाची सुरुवात बहुधा तानपुऱ्याने आणि संथ आलापाने होते. टाळ-मृदंगाचा ठेका आणि ध्रुवपद येईपर्यंत अर्धे मिनिट निघून गेलेले असते. आईंच्या फोनवर बहुधा तेवढा तानपुराच वाजत असावा. ध्रुवपद जेथे खणखणीत सुरू होते, तेथून २०-२५ सेकंदांचा भाग कापून लावावा.

दुसरे कारण स्वराच्या उंचीचे आहे. वय वाढते तशी कानाची उंच स्वर ऐकण्याची शक्ती आधी कमी होते. समोरच्या माणसाचे बोलणे नीट समजत असले, तरी किणकिणणारा बारीक आवाज निसटून जातो. उलट बाजूला, फोनच्या इवल्याशा स्पीकरला खर्ज झेपत नाही. मृदंगाची धूम, डग्ग्याची घुमार आणि तानपुऱ्याचा खर्ज त्यातून जवळजवळ येतच नाहीत. या दोन्ही मर्यादांच्या मधला पट्टा, म्हणजे साधारण ५०० ते २००० हर्ट्‌झ, ज्येष्ठांसाठी सर्वांत सोयीचा आहे (हर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने). पेटी वाजवणाऱ्यांना हे असे सांगता येईल : पांढरी एक हा षड्ज धरला, तर तार सप्तकाचा षड्ज सुमारे ५२३ हर्ट्‌झचा आणि त्याच्या वरचा सुमारे १०४६ हर्ट्‌झचा येतो. तार सप्तकात वाजवलेली पेटी किंवा सनई आणि स्पष्ट उच्चारांतली मानवी हाक यांचा या कामी चांगला उपयोग होतो. सतत एकसारख्या वाजणाऱ्या आवाजापेक्षा थांबून थांबून येणारा आवाज लवकर लक्ष वेधतो, हेही ध्यानात घ्यावे. माझे मत विचाराल, तर आईंच्या फोनवर अभंगाऐवजी घरातील कोणीतरी मोठ्याने मारलेली हाक ठेवावी आणि अभंग त्यांना निवांतपणे, पूर्ण ऐकू द्यावा.

फोन दुसऱ्या खोलीत किंवा पिशवीत राहत असेल, तर रिंगटोनला दिव्याचीही जोड देता येते. अँड्रॉइडच्या १४ व्या आणि त्यापुढील आवृत्त्यांत ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या विभागात ‘फ्लॅश नोटिफिकेशन्स’ हा पर्याय आहे. तो सुरू केला की फोन येताच कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो. आयफोनमध्येही अशी सोय ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्येच, ‘ऑडिओ अँड व्हिज्युअल’ या शीर्षकाखाली मिळते. एवढे करूनही घंटी ऐकू येत नसेल, तर एकदा कानांची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मी गाणे लावल्यापासून दर महिन्याला शिलकीतून पैसे कापले जातात. आपण तर रिंगटोन विनामूल्य असते असे म्हणता. (एक वाचक, वाशीम)

उत्तर : आपण लावलेले गाणे ‘कॉलर ट्यून’ असावे. रिंगटोन आपल्या फोनमध्ये वाजते आणि ती आपल्याला ऐकू येते. कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येते; ती सिमकार्ड कंपनीच्या यंत्रणेवरून वाजवली जाते, आपल्या फोनचा तिच्याशी संबंध नसतो. मार्च २०२० पासून फोन लावताच करोनाविषयीची जी सूचना ऐकू येत असे, तीही अशीच कंपनीकडून वाजत होती. कॉलर ट्यूनसाठी काही कंपन्या आकार घेतात, काही आपल्या ग्राहकांना ती विनामूल्य देतात. दुसऱ्याला फोन लावला असता ‘हे गाणे आपल्याला हवे असल्यास स्टार दाबा’ असे ऐकू येते आणि बटण नकळत दाबले जाऊनही सेवा सुरू होण्याची शक्यता असते.

अशा सशुल्क सेवा ग्राहकाकडून दोनदा संमती घेतल्याशिवाय सुरू करू नयेत, असा ट्रायचा जुलै २०१३ चा निर्देश आहे. त्या सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा विनाशुल्क क्रमांक सर्व कंपन्यांसाठी समान आहे. त्यावर फोन करून, आपल्या क्रमांकावर कोणकोणत्या सेवा चालू आहेत हे ऐकून, नको असलेल्या बंद कराव्यात. तरीही पैसे कापले गेले, तर कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा.

प्रश्न : आयफोनमध्ये आवडीची रिंगटोन लावताच येत नाही, ती कंपनीच्या दुकानातून विकतच घ्यावी लागते, हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हे खरे नाही; मात्र बरीच वर्षे ते काम किचकट होते, हे मान्य केले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या, आयफोनच्या कार्यप्रणालीच्या आयओएस २६ या आवृत्तीपासून ते सोपे झाले आहे. ‘फाइल्स’मध्ये एमपी-थ्री किंवा एम-फोर-ए प्रकारची, ३० सेकंदांपेक्षा मोठी नसलेली फाइल ठेवावी, ती दाबून धरून ‘शेअर’ निवडावे आणि ‘यूज अ‍ॅज रिंगटोन’ या पर्यायाला स्पर्श करावा. ‘व्हॉइस मेमोज’मध्ये केलेले मुद्रणही आधी ‘फाइल्स’मध्ये साठवून याच मार्गाने लावता येते.

फोन जुना असून ही आवृत्ती त्यावर येत नसेल, तर अ‍ॅपल कंपनीचेच ‘गॅरेजबँड’ हे विनामूल्य अ‍ॅप वापरावे. त्यात ‘ऑडिओ रेकॉर्डर’ उघडून वरच्या बाजूच्या वेटोळ्याच्या चिन्हातून आपली फाइल आत ओढून घ्यावी आणि हवा तो भाग ठेवून दोन्ही टोके आत सरकवावीत. येथे अनेक जण एका ठिकाणी अडतात. गॅरेजबँडमध्ये एका विभागाची लांबी आधीपासून आठ मात्राखंडांची (प्रत्येकी चार ठोक्यांच्या) ठरवलेली असते, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या नेहमीच्या लयीत ती फक्त १६ सेकंदांची भरते. त्यामुळे गाणे मध्येच तुटते. उजव्या टोकाकडील अधिक चिन्ह दाबून विभागाची लांबी ‘ऑटोमॅटिक’ करावी, म्हणजे अडचण दूर होते. टकटक करणारा तालदर्शकही बंद करावा. मग ‘माय साँग्ज’मध्ये परत येऊन तो प्रकल्प दाबून धरावा आणि ‘शेअर’मधून ‘रिंगटोन’ हा पर्याय घ्यावा. मासिक वर्गणीच्या संगीतसेवेतून उतरवलेली गाणी मात्र कुलूपबंद असतात. ती गॅरेजबँडमध्ये येत नाहीत. हाच नियम अँड्रॉइडवरील अशा सेवांनाही लागू आहे, म्हणून ‘गाणे डाउनलोड केले आहे, तरी यादीत दिसत नाही’ असे लिहिणाऱ्या वाचकांनीही हेच उत्तर आपले समजावे.

प्रश्न : बाजारातून घेतलेल्या सीडीवरील गाणे कापून रिंगटोन केली, तर कायद्याचा भंग होतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ मध्ये खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या उचित वापराला मोकळीक दिलेली आहे. स्वतः विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रणातील काही सेकंद स्वतःच्या फोनवर घंटी म्हणून वापरणे, हा उपयोग त्यात बसतो असे म्हणता येते. तीच रिंगटोन संकेतस्थळावर चढवली, समूहांतून वाटली किंवा दुकानात पैसे घेऊन इतरांच्या फोनमध्ये भरून दिली, तर तो खासगी उपयोग राहत नाही. व्हिडिओच्या संकेतस्थळांवरून गाणे उतरवून देणारी साधने त्या संकेतस्थळांच्या अटींचा भंग करतात, म्हणून ती टाळावीत.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. परंतु त्याला लावलेल्या नव्या चालीवर संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षे अधिकार असतो. तोच अभंग आपल्या घरातील कोणी परंपरागत चालीवर म्हटला आणि आपण तो मुद्रित केला, तर ते मुद्रण सर्वस्वी आपले आहे. ते आपण कोणालाही पाठवू शकता. गावच्या भजनी मंडळाने, सर्वांच्या संमतीने, अशी आपली मुद्रणे करून ठेवावीत असे मला फार वाटते. यूट्यूबच्या ‘ऑडिओ लायब्ररी’त विनामूल्य वापरासाठी दिलेले संगीतही आहे, मात्र प्रत्येक रचनेखालील अट वाचून घ्यावी.

संगणक असणाऱ्यांनी कापाकापीसाठी ‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरावा. हवा तो भाग निवडावा, शेवटचे अर्धे सेकंद ‘फेड आउट’ने हळूहळू मंद करावे, आवाज ‘नॉर्मलाइज’ने एकसारख्या पातळीवर आणावा आणि निवडलेला भाग एमपी-थ्री स्वरूपात साठवावा. प्रतिसेकंद १२८ किलोबिट या दराने ३० सेकंदांची फाइल ५०० किलोबाइटच्या आतच बसते, म्हणजे एका छायाचित्रापेक्षाही लहान.

प्रश्न : मुलाने मराठी रिंगटोन देणारे एक अ‍ॅप टाकले. ते संपर्क, एसएमएस आणि ‘सिस्टिम सेटिंग्ज बदलण्याची’ परवानगी मागते. द्यावी का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : ‘सिस्टिम सेटिंग्ज बदलण्याची’ परवानगी भीतिदायक वाटली, तरी रिंगटोन लावून देणाऱ्या अ‍ॅपला ती खरोखरच लागते. एखाद्या व्यक्तीसाठी वेगळी रिंगटोन लावावयाची असेल, तर संपर्कांची परवानगीही लागते. एसएमएस वाचण्याचे मात्र रिंगटोनच्या कामात काहीही कारण नाही. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, त्यामुळे ही परवानगी मागणारे रिंगटोनचे अ‍ॅप त्वरित काढून टाकावे. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपलाही हाच नियम लावावा, कारण ती दिली की पडद्यावरचे सर्व काही त्या अ‍ॅपला वाचता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, रिंगटोनच्या नावाने असो की लग्नपत्रिकेच्या, ती उघडू नये. अशा फाइलमुळे खात्यातून पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. आमची शिफारस अशी, की रिंगटोनसाठी अ‍ॅपच टाकू नये. पहिल्या उत्तरात सांगितलेली रीत सर्वांत सुरक्षित आहे.

प्रश्न : साध्या बटणांच्या फोनवर स्वतःची रिंगटोन लावता येते का? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : मेमरी कार्डाची सोय असलेल्या बहुतेक फोनवर येते. कार्डावर लहान एमपी-थ्री फाइल ठेवावी, ती फोनच्या संगीतवादकात उघडावी आणि ‘ऑप्शन्स’मधून रिंगटोन म्हणून निवडावी. फाइलचे नाव लहान आणि रोमन लिपीत ठेवावे. काही फोनना देवनागरी नावे वाचता येत नाहीत.

प्रश्न : मी लावलेली रिंगटोन काही दिवसांनी नाहीशी झाली आणि कंपनीची घंटी पुन्हा वाजू लागली. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन आला की माझी रिंगटोन वाजतच नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : फोन रिंगटोनची प्रत करून ठेवत नाही, फाइल कोठे आहे एवढेच लक्षात ठेवतो. ती फाइल पुसली, दुसरीकडे हलवली किंवा ती ज्या मेमरी कार्डावर आहे ते काढले, की फोन मूळच्या घंटीकडे वळतो. जागा मोकळी करताना ‘मोठ्या व जुन्या फाइल’ एकदम पुसल्या जातात, त्यांतही रिंगटोन जाण्याचा संभव असतो. म्हणून ती अंतर्गत साठवणीतील ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्येच असावी, आणि नातवंडांच्या किंवा आई-वडिलांच्या आवाजाचे मुद्रण असेल, तर त्याची एक प्रत स्वतःला ई-मेलने पाठवून ठेवावी. नवा फोन घेतल्यावर फाइल नव्या फोनमध्ये आली, तरी कोणत्या नावाला कोणती रिंगटोन हे पुन्हा लावून घ्यावे लागू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपची घंटी स्वतंत्र असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘नोटिफिकेशन्स’ उघडून, खालच्या बाजूस ‘कॉल्स’ या शीर्षकाखालील ‘रिंगटोन’मध्ये तीच फाइल निवडावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा बोलका संदेशच रिंगटोन म्हणून हवा असेल, तर तो ओपस या स्वरूपात असतो आणि प्रत्येक फोनच्या यादीत दिसतोच असे नाही. संगणकावर त्याचे एमपी-थ्रीत रूपांतर करावे आणि मग ती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.